शांत बसलं की जास्तच गोंगाट ऐकू येतो, त्याचं काय करायचं?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की ध्यान, विपश्यना, 'वर्तमानात जगा' वगैरे प्रकाराबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर लिहा. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील, पण टपालाने आणि मेलवर मिळून एवढी आली की दोन रविवार नुसती वाचण्यात गेले. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातली काही निवडलीत. आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही आणि साध्वी तर अजिबातच नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, २०११ साली गुडघे धड होते तेव्हा इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस बसून आले, आणि तेव्हापासून मोडततोडत का होईना रोज थोडं बसते, एवढंच माझं भांडवल. तेव्हा जे पटेल ते घ्या, नाही पटलं तर पान उलटा, पुढे रेसिपी आहेत.

ताई, मी ४२ वर्षांची, कल्याणला राहते, नोकरी फोर्टात. दोन महिने झाले रोज पहाटे पंधरा मिनिटं डोळे मिटून बसते. ॲपमधली बाई म्हणते मन शांत तळ्यासारखं होईल, माझा तर मासळीबाजार होतो. डब्याला काय करू, ७.५२ ची लोकल मिळेल का, मुलाच्या क्लासची फी, आणि २००६ साली नणंद हळदीकुंकवाला चारचौघींत काय बोलली होती ते सुद्धा आठवतं. उठते तेव्हा आधीपेक्षा जास्त वैतागलेली असते. मला हे जमणारं नाही बहुतेक, सोडून देऊ का?

सोडू नका. हवं तर त्या ॲपमधल्या बाईला सोडा.

रात्री सगळी निजानीज झाली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागते, म्हणजे घड्याळ काय रात्रीच चालू होतं का? दिवसभर चालूच होतं, बाकीच्या गोंधळात कानावर येत नव्हतं. तुमची नणंद पण तशीच आहे, ती दिवसभर डोक्यात बसलेलीच असते, भांडी घासताना, गाडीत उभ्या असताना, साहेबांशी बोलताना, फक्त पहाटे पंधरा मिनिटं तुम्ही तिला बोलायला जागा दिलीत म्हणून ती ऐकू आली. बसल्यामुळे ती आली नाही, बसल्यामुळे ती दिसली.

आणि हे काही तुमच्या एकटीचं नाही हो. २०१० साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी एक अभ्यास छापला होता, २२५० माणसांना दिवसात कधीही मधूनच फोनवर विचारायचं की आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का दुसरीकडे आणि आत्ता किती बरं वाटतंय. तर जवळजवळ निम्म्या वेळा, ४६.९ टक्के, मन दुसरीकडेच होतं. गंमत पुढे आहे, मन भटकत असताना माणसं जास्त नाखूश होती, आणि सुखाच्या गोष्टीत रमलेली माणसं सुद्धा हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा काही जास्त खूश निघाली नाहीत. म्हणजे कपडे वाळत घालताना मनाने महाबळेश्वरला जाऊन आलात तरी फायदा शून्य. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण मी आयुष्यभर मनातल्या मनात कोकणात घर बांधत आलेय.

आता करायचं काय. विपश्यनेत पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान करायला लावतात. नाकातून श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तो नाकपुडीच्या आतल्या कडेला किंवा खाली वरच्या ओठावर कुठे लागतो ते बघायचं. श्वास मुद्दाम लांब करायचा नाही, मोजायचा नाही, कुठला मंत्र नाही, डोळ्यासमोर मूर्ती नाही. प्राणायामाची सवय असलेल्या माणसाला हे फार अवघड जातं कारण हात शिवशिवतात श्वासाला वळण लावायला. नुसता जसा आहे तसा बघायचा. चार श्वास होतात न होतात तोच मन डब्याकडे पळतं. पळू दे. कधीतरी लक्षात येतं, अरे, आपण डब्यात काय द्यायचं ते ठरवत बसलोय. बस, ते लक्षात येणं हेच सगळं काम आहे, ज्याला तुम्ही नापास होणं समजताय तेच.

लक्षात आल्यावर स्वतःवर चिडायचं मात्र नाही. तीस वर्षांत मी एवढं एक शिकले, खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घातला तर तो पुढचा अख्खा तास त्या धपाट्याचाच विचार करतो, नुसतं हळूच नाव घेतलं तर फळ्याकडे येतो. पाच मिनिटांनी परत खिडकीबाहेर जातो ते सोडा, परत नाव घ्यायचं. तुम्ही नणंद आठवल्यावर 'शी, माझं मन किती कोतं' असं म्हणताय ना, तो धपाटा आहे, वैताग त्याचा येतो.

पंधराची दहा मिनिटं करा पण ॲप बंद करून. आणि एक काम दिवसातलं असं निवडा की जे कानाने किंवा बोटाने करता येतं. आमची आई तूप कढवायची तेव्हा पातेल्याकडे बघायची सुद्धा नाही, पाठ करून पोळ्या लाटत असायची, पण कान तिकडे. लोणी आधी तडतड तडतड करतं, पाण्याचा अंश जातो तशी तडतड कमी होते, मग एक क्षण असा येतो की एकदम गप्प होतं, वर बारीक फेस आणि खाली बेरी तांबूस. त्या गप्प होण्याला ती बरोबर गॅस बंद करायची. एखादं मिनिट इकडेतिकडे झालं की बेरी काळी. मी कित्येकदा जाळलंय, कारण मी शेजारी उभी राहून सुद्धा तिथे नसायचे. तुम्ही तूप कढवत नसाल तर दुसरं काही घ्या, डोंबिवली ते ठाणे फोन पर्समध्ये आणि हातातली कडी किती गार आहे एवढंच. ठाणे गेलं की मग काढा फोन, मी काय बघायला येणार नाहीये.

सौ. ताई यांस नमस्कार. ध्यानाला बसल्यावर मला पाच मिनिटांत गाढ झोप लागते. उपाय सुचवावा. (फोंडा, गोवा, वय ५१)

तर झोपा. खरंच सांगतेय, आधी आठ दिवस रात्री वेळेवर झोपून बघा. एवढ्या पटकन झोप लागते म्हणजे बहुतेक झोपेची थकबाकी आहे, ती अशी वसूल होते. त्यानंतरही झोप आली तर डोळे उघडे ठेवून बसा, नाहीतर उभं राहून किंवा अंगणात हळू चालून करा, तळपाय जमिनीला कुठे टेकतो ते बघत. जेवल्या-जेवल्या बसू नका, त्यातून मासे-भात असेल तर अजिबातच नको. आणि एवढं करूनही दिवसभर पेंग येत असेल, रात्री घोरणं मोठं असेल, तर एकदा डॉक्टरला दाखवा, तो विषय ध्यानाचा नाही.

मी नाशिकचा, वय ३६, ट्रान्सपोर्टचा धंदा. डिसेंबरात इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर केलं. शेवटच्या दिवशी इतकं हलकं वाटलं की रडू आलं, घरी आलो तर बायको म्हणाली तुमचा आवाजच बदललाय. पंधरा दिवसांनी द्वारका सर्कलला एका रिक्षावाल्याने कट मारला आणि मी गाडीतून उतरून त्याची कॉलर धरली, मुलगी मागच्या सीटवर बसलेली. तेव्हापासून बसणंच बंद केलंय, सगळं ढोंग वाटतं. दहा दिवस वाया गेले का?

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ढोंगी माणूस असं पत्र लिहीत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिथे पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बसायचं, रात्री साडेनऊला दिवे बंद, मध्ये दहा-एक तास बैठक. फोन पहिल्या दिवशीच जमा. बोलणं बंद, खाणाखुणा पण बंद. दुपारचं जेवण अकराला आणि मग संध्याकाळी पाचला नव्या लोकांना चहा, मुरमुरे, फळं, जुन्यांना तेवढं पण नाही, लिंबूपाणी. फी घेत नाहीत, आधी करून गेलेल्यांच्या दानावर चालतं. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगात कुठे काय होतंय, खाज, मुंग्या, ऊब, दुखणं, ते बघत जायचं आणि कशालाच काही करायचं नाही. त्यानंतर रोज तीन वेळा एक-एक तास हातपाय न हलवता, डोळे न उघडता. त्याला अधिष्ठान म्हणतात आणि पहिल्या अधिष्ठानात चाळिसाव्या मिनिटाला माणूस काय काय नवस बोलतो ते त्याचं त्यालाच माहीत.

माझं सांगते. सहाव्या दिवशी माझ्या मागच्या आसनावरच्या बाई दर दोन मिनिटांनी घसा खाकरत होत्या. मी आधी दया केली, मग दुर्लक्ष केलं, मग मला त्यांचा इतका राग आला की मनात मी त्यांना कसारा घाटात ढकलून पण दिलं. आणि तेव्हा पहिल्यांदा दिसलं की राग आधी डोक्यात येतच नाही, आधी कानाच्या पाळ्या गरम होतात, मग जबडा आवळतो, मग पोटात काहीतरी गोळा होतं, आणि मग डोकं त्याला शब्द पुरवतं, 'काय ही बाई, काही मॅनर्स आहेत का'. पन्नाशीला आलेली बाई मी, आयुष्यभर राग करत आले आणि तो कानाच्या पाळीपासून सुरू होतो हे मला माहीतच नव्हतं. दहाव्या दिवशी मौन सुटलं तर त्या बाई स्वतःहून माझ्याकडे आल्या, म्हणाल्या मला दमा आहे हो, त्रास झाला असेल तुम्हाला. मी म्हटलं छे छे, अजिबात नाही. तर म्हणतात, तुमच्या त्या दोन काचेच्या बांगड्या मात्र फार वाजत होत्या, मला तर चौथ्या दिवशी वाटलं पेन्सिलीने फोडाव्यात.

आता तुमची कॉलर. तुमच्यात काही बिघडलं नाही, तुम्ही पंधरा दिवस शिबिराच्या शिल्लकीवर जगत होतात. तिथे ना फोन, ना ड्रायव्हरचा लोचा, ना जीएसटी, ना रिक्षावाला, तिथली शांतता अर्धी त्या जागेची असते, हे कोणी सांगत नाही आणि नव्या माणसाला वाटतं ती सगळी आपलीच. ती उतरणारच. म्हणून घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं तिथे सांगतात, आणि खरं बोलायचं तर माझ्या ओळखीत ते दोन्ही तास पाळणारे मोजून तीन जण आहेत. मी त्यात नाही. मी सकाळी वीस-पंचवीस मिनिटं बसते, कधी तेही नाही.

ही शिबिरं भारतात सुरू करणाऱ्या सत्यनारायण गोयंकांची गोष्ट तुम्ही प्रवचनात ऐकली असेलच. जन्म १९२४ चा, बर्मातल्या मंडालेचा, मोठे व्यापारी, अर्धशिशी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं लागायची, परदेशातले डॉक्टर करून झाले. मित्राच्या सांगण्यावरून रंगूनला विपश्यना शिकवणाऱ्या उ बा खिन यांच्याकडे गेले तर ते म्हणाले, नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. १९५५ मध्ये पहिलं शिबिर केलं. त्यानंतर स्वतः शिकवायला सुरुवात केली ती भारतात आल्यावर १९६९ ला. चौदा वर्षं! आणि तुम्ही पंधरा दिवसांत प्रगतिपुस्तक मागताय.

मी तुम्हाला एकच विचारते, कॉलर सोडल्यावर किती वेळाने वाटलं की हे काय केलं? पत्रावरून वाटतं गाडीत परत बसेपर्यंतच वाटलं, मुलीचा चेहरा आरशात दिसला असं तुम्ही पुढे लिहिलंयत, ते इथे छापलेलं नाही. पूर्वी असं भांडण झाल्यावर तुम्ही ते चार मित्रांना रंगवून सांगितलं असतंत की नाही? तो जो वेळ आहे ना, राग आल्यापासून लक्षात येईपर्यंतचा, तो कमी होत जातो, दोन दिवसांवरून दोन तास, मग दोन मिनिटं, कधीतरी कान गरम झाल्या-झाल्या. कधीतरी म्हणतेय, रोज नाही. माझी कालच मुलाशी फोनवर खडाजंगी झाली आणि कान आठवले ते फोन ठेवल्यावर.

उद्यापासून वीस मिनिटं बसा. आणि मुलीला सांगा की बाबांचं त्या दिवशी चुकलं. ते राहिलंय, आणि ते बसून होणार नाही.

मी पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय, वय २४, चौथा अटेम्प्ट गेला. दीड-दोन महिने रात्री दोन-अडीचला जाग येते मग झोप नाही. कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही, कधी कधी वाटतं हे सगळं संपलं तर बरं. मित्र म्हणतो दहा दिवस विपश्यना कर, सगळं क्लिअर होईल. फॉर्म भरू का? घरी काही सांगितलेलं नाही.

नको बाळा, आत्ता नको. मित्राचा हेतू चांगला आहे पण हे औषध आत्ताच्या दुखण्याचं नाही. दहा दिवस कोणाशी न बोलता, डोळे मिटून स्वतःच्याच डोक्यात दहा-दहा तास बसणं हे धडधाकट माणसाला जड जातं, तुझं मन आत्ता तापाने फणफणलंय. फॉर्मवर पण मानसिक त्रासाबद्दल स्पष्ट विचारतात, ते काही उगाच विचारत नाहीत.

दीड महिना झोप नाही, भूक नाही, कशात रस नाही, हे आळसाचं किंवा कमी जिद्दीचं लक्षण नाही, हा आजार असू शकतो आणि त्याला चांगले उपचार आहेत. 'संपलं तर बरं' हे तू कंसात टाकल्यासारखं लिहिलंयस पण मी ते सगळ्यात आधी वाचलं. हे वाचतोयस तेव्हा १४४१६ ला फोन लाव, टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःला काही करून घ्यावं असा विचार खरंच जवळ आला तर एकटं राहू नको, रूममेटला उठव, त्याची झोप मोडली तर मोडू दे, आणि त्याला घेऊन जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाला भेट, ससूनला ओपीडी असते, तिथे खर्चाचं फार टेन्शन नाही. आणि घरी सांग. आई रडेल, बाबा गप्प बसतील, तरी सांग.

तोवर डोळे मिटून बसायचं नाही. संध्याकाळी कोणाला तरी बरोबर घेऊन पर्वती चढून ये, दम लागू दे, खाली आल्यावर मेसमध्ये जेव, दोन घास का होईना, पण नुसत्या चहावर राहू नको. विपश्यना कुठे पळून जात नाही, इगतपुरीचं केंद्र १९७६ पासून तिथेच आहे. बरा झालास की डॉक्टरला विचारून जा. आणि मला परत लिही, संपादकांकडे तुझं पत्र वेगळं काढून ठेवायला सांगितलंय.

माझं वय ६६, इस्लामपूर. हे जाऊन चौदा महिने झाले. मुलगा-सून बंगळूरला. सगळे सांगतात आई वर्तमानात जगा, मागचं धरून बसू नका. मी आयुष्यभर माळ ओढली, दोन वेळा वारी पायी केली, मला हे नवीन काय शिकवता? माझ्या वर्तमानात आहे काय? सकाळी दोन कप चहाचं आधण ठेवते आणि मग आठवतं. सुखाचा शोध वगैरे वाचलं की राग येतो.

काकू, राग येणं बरोबरच आहे. 'वर्तमानात जगा' म्हणजे आठवण काढू नका असं ज्यांनी सांगितलं त्यांना एक तर कोणी गेलेलं नाही, नाहीतर तुमचं रडणं बघवत नाही म्हणून ते स्वतःची सोय बघतायत.

तुम्ही तुमच्या वर्तमानात काय आहे विचारलंत, त्याचं उत्तर तुम्हीच पुढच्या ओळीत लिहिलंय. दोन कपांचं आधण. तोच क्षण आहे. पाणी जास्त झालंय हे कळतं, हात थांबतो, छातीत काहीतरी हलतं. बहुतेक वेळा आपण काय करतो, पटकन अर्धं पाणी ओतून देतो आणि रेडिओ लावतो. एक दिवस ओतू नका. ओट्याला हात टेकून उभ्या राहा, पाणी उकळतंय, वाफ तोंडावर येतेय, घसा भरून आलाय, येऊ दे. त्या दोन मिनिटांत तुम्ही कुठल्याही ध्यान करणाऱ्यापेक्षा जास्त जाग्या असाल. मग हवं तर दोन कप करा आणि दोन्ही तुम्हीच प्या, कोण विचारतंय.

एक फरक मात्र बघा म्हणते. ह्यांची आठवण येणं वेगळं आणि 'त्या दिवशी मी दुपारीच दवाखान्यात नेलं असतं तर' असा खटला रोज रात्री स्वतःवर चालवणं वेगळं. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण माझे वडील गेले तेव्हा मी तो खटला तीन वर्षं चालवला, वकीलही मी, आरोपीही मी, आणि तारखेवर तारीख. आठवणीत ते असतात, खटल्यात ते नसतात, तिथे आपण एकट्याच असतो. खटला सुरू झाला की ओळखा, एवढंच, बंद करायच्या मागे लागू नका.

आणि नवीन काही शिकायचं नाहीये तुम्हाला. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालल्यात, दिवे घाट चढताना उद्याची काळजी करायला दम तरी शिल्लक होता का? टाळ, पुढच्या बाईची टाच, तोंडात नाम. माळ घेतलीत की मणी बोटाच्या पेराला लागतो तिथे लक्ष ठेवा. नाम घेता घेता वाणसामानाची यादी व्हायला लागली की परत त्या मण्यावर या. वारीत काही शेजारणी झाल्या असतील ना, त्यातल्या एखादीला चहाला बोलवा, आधण दोन कपांचंच राहील.

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्या कंपनीत दर बुधवारी माइंडफुलनेसचा क्लास असतो, ट्रेनर एक मनुका हातात देतो आणि म्हणतो पाच मिनिटं नुसती बघा, वास घ्या, मग चावा. मला हसू येतं. हे आपलंच आपल्याला परत विकतायत ना?

अर्धं बरोबर. तो मनुकेचा प्रकार जॉन कबाट-झिन यांच्या कोर्समधला. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये त्यांनी तो कोर्स काढला, आणि सुरुवातीला तिथे यायचे कोण तर वर्षानुवर्षं दुखणं घेऊन फिरणारे पेशंट, ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. बौद्ध ध्यानातून घेतलं आणि धर्माचा भाग बाजूला ठेवून दवाखान्यात आणलं. त्या माणसाने काही चोरून विकलं असं मला वाटत नाही.

आणि 'आपलंच' म्हणताना जरा जपून. बुद्धाची ही पद्धत आपण इथे पार विसरून गेलो होतो, सांभाळली ती बर्माने. उ बा खिन हे तर सरकारी अधिकारी, बर्माचे अकाउंटंट जनरल, ऑफिस सांभाळून शिकवायचे. त्यांनी ते शिकवलं एका मारवाडी व्यापाऱ्याला, म्हणजे गोयंकांना, आणि त्यांनी ते १९६९ ला मुंबईत परत आणलं. गोराईचा पॅगोडा आहे ना, २००९ चा, तो रंगूनच्या श्वेडगॉनसारखा बांधलाय तो त्या उपकाराची जाणीव म्हणून. आपलं होतं खरं, पण दुसऱ्याने जपून परत दिलंय.

माझी तक्रार वेगळीच आहे. कंपनी बुधवारी मनुका देते आणि गुरुवारी रात्री अकराला कॉल लावते, कामाचे तास कमी करा म्हणायच्या ऐवजी श्वास बघा म्हणते, तिथे तुमचं हसू बरोबर आहे. बाकी ती मनुका एकदा खरंच खाऊन बघा. आपण मूठभर तोंडात टाकतो ना, त्यामुळे आतल्या बीचा तुरटपणा मला साठीत कळला.

ताई, जरा वेगळाच प्रॉब्लेम. मिस्टर रिटायर झाल्यावर ध्यानाला लागले. चांगली गोष्ट आहे, सिगारेट सुटली. पण आता कुठलंही काम सांगितलं की डोळे अर्धवट मिटून म्हणतात, मी फक्त साक्षी आहे. परवा दूध उतू गेलं, हे शेजारी बसून बघत होते. म्हणे, जे होतंय ते होऊ द्यावं. मी काय करू? (डोंबिवली, वय ५९)

वाचून इतकी हसले की चहा सांडला, साक्षीभावाने पुसला.

वहिनी, सिगारेट सुटली हे मोठं आहे, त्याबद्दल त्यांना शाबासकी द्याच. पण त्यांचा जरा घोटाळा झालाय. साक्षी राहायचं ते आतल्या गोष्टींना, राग आला, कंटाळा आला, 'ही मला सारखी कामं सांगते' असं वाटलं, त्याला. दूध हे बाहेरचं आहे, त्याला गॅसचं बटन असतं. गोयंकांचे गुरू दिवसभर सरकारचे हिशेब बघायचे, त्यांनी कधी फायलींना साक्षी राहून चालवलं असतं का?

आणि मला शंका आहे की हे साक्षीपण फक्त कामाच्या वेळी येतं, जेवायला वाढल्यावर किंवा क्रिकेट लागल्यावर येत नाही. एकदा वहीत टिपून ठेवा, भांडायला नाही, नुसतं माहिती म्हणून.

त्यांना रोजचं एक काम द्या, सकाळी पाणी आलं की टाकी भरायची. ध्यान म्हणूनच द्या. बाल्कनीत खुर्ची टाकून बसा म्हणावं, मोटरचा आवाज ऐका, पाणी वर चढत जातं तसा टाकीतला आवाज आधी पोकळ असतो मग भरीव होत जातो, तो बदल पकडायचा, मध्ये मन कुठे गेलं तर परत आवाजावर आणायचं. आणि पहिला थेंब ओव्हरफ्लोच्या पाइपातून खाली पडायच्या आत उठून मोटर बंद करायची. खाली पाणी पडलं तर त्या दिवशीचं ध्यान झालं नाही असं धरायचं, आणि सोसायटीचे सेक्रेटरी वर येतील तेव्हा दार साक्षींनी उघडायचं.